ताईचा प्रबंध पुन्हा शिवून मिळण्याबाबत

प्रति,
माननीय संशोधन अधिष्ठाता,
विद्यापीठ कार्यालय, तिसरा मजला (लिफ्ट बंद असते तोच)

विषय : विषमचक्री संयुगांवरील आंतरविद्याशाखीय प्रबंधाचे दोन तुकडे एकत्र करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाकडून एकाच दिवशी आलेली, 'अपूर्ण' शेऱ्याची दोन पत्रे.

महोदय,

रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र विभागांच्या मधली भिंत नेमकी कोणत्या विभागाची? हे आपणांस विचारून दाखव, अशी माझ्या मैत्रिणींनी पैज लावली. "तुझी काय टाप!" म्हणाल्या. म्हणून सुरुवातीलाच विचारून टाकले.

१. माझी ताई पीएचडीसाठी विषमचक्री संयुगे बनवते. म्हणजे अणूंचे कडे. बहुतेक कार्बन हात धरून उभे, आणि त्यांच्यात एखादा नायट्रोजन. कार्बन त्याला 'तुमचा विभाग कोणता?' असे विचारत नाहीत. अशा एका संयुगाने टोमॅटोच्या रोपांवरची बुरशी मरते, हे ताईने दाखवले. रोपे रसायनवाल्यांना प्रयोगशाळेत चालेनात, जीवशास्त्रवाल्यांकडे जागा नव्हती. तेव्हापासून आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालता येत नाहीत.

२. तपासणीसाठी आपल्या कार्यालयाने कमालीची न्याय्य वाटणी केली. बांधणी उसवून रसायनाची पाने रसायनाच्या परीक्षकांना दिली, बुरशीची जीवशास्त्राच्या. पहिल्यांनी लिहिले, 'संयुगांचा उपयोग सांगितलेला नाही.' दुसऱ्यांनी लिहिले, 'संयुगे कशी बनवली ते सांगितलेले नाही.' दोघांचेही अगदी बरोबर आहे, त्याबद्दल अभिनंदन.

३. ताई चौकशीला गेली तेव्हा खिडकीवरचे काका म्हणाले, "मॅडम, दोनपैकी एक अर्धा निवडा ना, म्हणजे फाईल सरकेल." घरी येऊन तिने आम्हाला त्यांची नक्कल करून दाखवली, आम्ही खूप हसलो. मग ती बाथरूममध्ये नळ सोडून बसली. नळ सोडला की रडणे ऐकू येत नाही, असा तिचा समज आहे. या महिनाअखेर तिची नोंदणी संपते. रंगाच्या कारखान्यात नोकरी मिळते आहे आणि ती 'हो' कळवणार आहे.

४. तरी विनंती, की प्रबंध शिवून घ्यावा आणि दोन्ही परीक्षकांना एका टेबलाशी बसवून तो अख्खा वाचायला लावावा. आपसांत भांडले तरी आमची हरकत नाही. फक्त ताईने 'हो' कळवायच्या आत भांडावे.

आपला मान राखून, पण घाईत,

आपली नम्र,
संशोधक विद्यार्थिनीची धाकटी बहीण
(इयत्ता दहावी)
दिनांक : नोंदणी संपण्याआधीचा

सोबत : दाभण एक, जाड दोरा पुरेसा.

प्रत माहितीसाठी :
आई-बाबा. ताईचे हाल बघून तुम्ही माझ्यासाठी कॉमर्सची चौकशी करून आलात, हे मला कळले आहे. रागावू नका, पण माझे ठरले. अकरावीला मी विज्ञान घेते आहे. रसायन आणि जीव, दोन्ही. आणि दोन्हींना वही एकच.