काढलेले चार टायर

कावासाकी, जपान, डिसेंबर १९९६, रविवार

गाडीला शेवटी बर्फावर न घसरणारे, हिवाळ्याचे टायर घातलेच. नेहमीच्या टायरांवर चढवायच्या साखळ्यांवरही भागलं असतं. फोर व्हील ड्राइव्ह आहे, चढेल कुठेही. पण बर्फावर गाडी थांबवतात ते हे टायरच, असं ऑफिसात सगळेच सांगतात. मात्र मी एकटा जाणार आहे कुठे? बर्फ बघायचा हट्ट मुक्ताचा होता, आणि ती तर शाळेसाठी आईबरोबर पुण्याला गेली.

दुकानदाराने विचारलं, "काढलेले टायर ठेवायला घरी जागा आहे ना?" आहे म्हणालो, जरा घाईनेच. चारही मुक्ताच्या खोलीत रचून ठेवले. खोलीभर रबराचा वास.

संध्याकाळी फोनवर तिने विचारलं, "बाबा, माझी खोली तशीच आहे ना?"

"तशीच आहे," म्हणालो. हात अजून काळेच होते.