तळ्याचा चौथा फोटो

१२ नोव्हेंबर, सकाळी

पुढे कधीतरी कुणी तुला ही वही वाचून दाखवेल आणि तू म्हणशील, छे, असं मी कुठे बोलले? बोललीस, म्हातारे. तूच बोललीस. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी बाई तू, तुझ्या आठवणीवर कोण विसंबणार? म्हणून लिहून ठेवते. म्हणजे मी सांगते आणि शेजारच्या पलंगावरची मास्तरीण लिहिते. मला अक्षर येत नाही. आकडे येतात. कॅमेऱ्यावर आकडेच असतात, त्यामुळे कधी अडलं नाही. वही नातीने दिली. आजी, रोज काहीतरी सांगत जा, म्हणाली, नाहीतर डोकं गंजेल.

दोन गोष्टी पक्क्या लिहून ठेव. एक, हे हाडं मोडलेल्या म्हाताऱ्यांचं वर्कशॉप आहे आणि मी इथे फक्त पंधरा दिवस आहे. दोन, मी पडले नाही. तळ्याकाठच्या दगडावरून उतरताना जरा जोरात बसले. खुब्याच्या हाडाला ते सोसलं नाही, तो हाडाचा दोष.

मास्तरीण विचारते, एवढं पुरे? पुरे. फोटोवाल्याने कमी बोलावं.

१३ नोव्हेंबर

राहिलंच की. कामाचं सांगायचं होतं.

आमच्या ह्यांचा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नाचे फोटो. मी आत डार्करूममध्ये रोल धुवायची. हे गेले तेव्हा मी बावन्नची. तेराव्या महिन्यात त्यांचा मोठा कॅमेरा उचलला आणि एसटीत बसले. लोक म्हणाले, दुःखाने डोकं फिरलं. फिरलं तर फिरलं, मीही फिरले. डोंगर, वाळवंट, मिठागरं, नद्यांची मुखं. पहिली दहा वर्षं हावरटासारखे फोटो काढले. धबधबा, पूल, इंद्रधनुष्य, सगळं एकाच ताटात. कॅलेंडरवाले खूश. मग एकेक गोष्ट काढून टाकत गेले. आधी माणसं, मग पूल, मग ढग. आता एक तळं उरलं आहे. एकच दगड, एकच उंची, एकच लेन्स. चार ऋतू, चार फोटो. ट्रायपॉडचे पाय दर वेळी त्याच जागी पडावेत म्हणून दगडावर लाल नेलपॉलिशचे तीन ठिपके आहेत. नेलपॉलिश सुनेची. विचारून घेतली होती. बहुतेक.

तीन फोटो झाले. थंडीतला राहिला. थंडीत पहाटे तळ्यावर धुकं असतं, आणि सूर्य वर आला की ते वीतभर उचललं जातं. खालून पाणी दिसतं, काळंभोर. दहा मिनिटं फार तर. मग संपलं.

प्रदर्शन एक फेब्रुवारीला. हॉलवाल्याने भिंत मोजून ठेवली आहे. वेळ भरपूर आहे.

२० नोव्हेंबर

आज वॉकर धरून तीन पावलं. रस्त्यापासून माझ्या दगडापर्यंत दोनशे दहा पावलं. उरली दोनशे सात. व्यायामवालीला हा हिशेब सांगितला तर म्हणाली, आजी, तिथे उतार असेल ना? मी म्हटलं, मग तर सोपंच. उतरायचंच आहे.

ती हसली नाही. या मुलींना विनोद कळत नाही.

२७ नोव्हेंबर

पंधरा दिवस झाले. मधले काही दिवस सुटीचे होते, काही दिवस मला ताप होता. ते धरायचे नाहीत. आजपासून नवे पंधरा.

डॉक्टरने एक्स-रे दिव्यावर धरून बराच वेळ पाहिला. मीही पाहिला. कॉन्ट्रास्ट कमी. डॉक्टर म्हणाला, ही बारीक काळी रेघ दिसते का, इथे हाड अजून जुळलेलं नाही. मी म्हटलं, धुताना केस पडला असेल. आमच्याकडे पडायचा. चाळीस वर्षं रोल धुतलेत मी. मला कोण शिकवणार रेघ कसली ते!

डॉक्टर म्हणाला, आजकाल धूत नाहीत, कॉम्प्युटरवर येतो. मी म्हटलं, मग कॉम्प्युटरमध्ये केस असेल.

६ डिसेंबर

नऊ पावलं.

मास्तरिणीचा डावा पाय, माझा उजवा. दोघी मिळून एक धड बाई होते. तिला म्हटलं, चल, दोघी मिळून पळून जाऊ. ती म्हणाली, पळून कुठे जायचं ते आधी ठरव, मला घरी कुणी नाही. हे तिने वहीत लिहायचं टाळलं. मी लिहायला लावलं.

१५ डिसेंबर

खिडकीच्या काचेवर आज आतून वाफ. थंडी आली. तळ्यावर धुकं सुरू झालं असणार आणि मी इथे बसून उकडलेला दुधी खाते आहे.

ठराव: लेकाला पाहणीसाठी पाठवायचं. फोटो काढायला नाही, नुसती पाहणी. ठिपके जागेवर आहेत का, झुडपं वाढलीत का, पाणी किती. पहाटे साडेपाचला पोहोच, असं तीनदा सांगितलं. हो हो म्हणाला. लहानपणी गृहपाठ झाला का विचारलं की असाच हो हो म्हणायचा.

१९ डिसेंबर

लेक जाऊन आला. दहा वाजता गेला होता. रविवार होता म्हणे, डोळा लागला. दहा वाजता धुकं कुठलं! उन्हात तळं म्हणजे धुऊन पालथं घातलेलं पातेलं.

पुरावा म्हणून मोबाइलवर फोटो आणलाय. कुणा मासे धरणाऱ्याकडून काढून घेतलेला. माझ्या दगडावर हा स्वतः उभा, हात वर करून, जसं काही शिखर जिंकलंय. मी म्हटलं, अरे, सोळा वर्षं झाली, माझ्या फ्रेममध्ये माणूस येऊ दिला नाही मी. तर म्हणतो, अगं आई, मी कुठे माणसांत मोडतो?

हसलो दोघं. तो गेल्यावर आठवून पाहिलं, याचा मी काढलेला शेवटचा फोटो कुठला? पासपोर्टचा. दोन वेळा काढलाय पासपोर्टचा. म्हणजे काढलेत की.

केस बरेच पांढरे झालेत त्याचे. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा दोष असेल.

२७ डिसेंबर

सोळा पावलं, मध्ये एकदा बसून. बसलेलं धरायचं नाही.

प्लॅन ठरला. चार जानेवारीला मोठ्या दवाखान्यात पुन्हा एक्स-रे. गाडी इथूनच जाते. तळ्याचा रस्ता वाटेवरच आहे. म्हणजे वाकडी वाट केली तर वाटेवर आहे. गाडीवाल्याशी बोलले. त्याच्या आईचा फोटो मोठा करून फ्रेम करून देईन म्हटलं. पहाटे पाचला निघायचं.

कॅमेरा सुनेने आणायचा. मला वाटलं होतं वाद घालेल. तिने नुसतं विचारलं, आई, दगडापर्यंत नाही ना उतरणार? मी म्हटलं, छे छे. मनात म्हटलं, वॉकर आहे कशाला?

४ जानेवारी, दुपारी

फोटो झाला. चौथा.

जागा थोडी बदलली. रस्त्यावरूनच काढला. कलाकाराने जागा बदलू नये असं कुठे लिहिलंय? लिहिलं असलं तरी मला वाचता येत नाही.

जेवून झोपते.

५ जानेवारी

मास्तरीण म्हणते, कालचं अर्धवट आहे. बरं, लिही.

गाडीवाल्याने मला चाकाच्या खुर्चीत रस्त्याच्या कडेला ठेवलं. सून माझ्या मांडीवर शाल घालून बाजूला उभी. मी वॉकर मागितला. गाडीवाल्याने तो आणून पुढे ठेवला. पाच पावलं गेले. सहावं उतारावरचं होतं. पाय म्हणाला, बाई, तू जा, मी थांबतो.

मग परत खुर्चीत. खाली तळं, तळ्यावर धुकं. एकदा जरासं फाटलं तेव्हा माझा दगड दिसला. वरून कधी पाहिला नव्हता. केवढासा आहे! मी उगाच त्याला मोठा समजत होते. मग पुन्हा सगळं झाकलं. चाळीस मिनिटं वाट पाहिली. वर सूर्य आला असेल, मला दिसला नाही. धुकं काही उचललं नाही. गाडीवाल्याने हॉर्न दिला, एक्स-रेची वेळ झाली होती. मी बटण दाबलं.



१२ जानेवारी

प्रिंट आली. पांढरी. म्हणजे नीट पाहिलं तर खालच्या बाजूला एक करडी पुसट रेघ आहे, ती काठाची असेल किंवा रस्त्याच्या कठड्याची.

हॉलवाल्याला पाठवली होती. त्याचा फोन आला. इतका आनंदला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाला, काय काम केलंय आजी, पहिले तीन फोटो आणि त्यानंतर हा! सगळंच सोडून दिलंत! हाच भिंतीच्या मधोमध लावू, मोठ्ठा.

मग मलाही पटलं. बरोबरच आहे. माणसं काढली, पूल काढला, ढग काढले, आता तळंसुद्धा काढलं. शेवटी पांढरं उरलं. माझं काम याच दिशेने चाललं होतं, फक्त मला माहीत नव्हतं. मोठ्या लोकांचं असंच होतं.

इथे मास्तरिणीचं पेन थांबलं. मी म्हटलं, शाई संपली का? म्हणाली, नाही. मग लिहिलं तिने.

१४ जानेवारी

डॉक्टर आला. लेकालाही बोलावलं होतं. रेघ आहे तिथेच आहे. पुन्हा ऑपरेशन करायचं तर माझ्या हृदयाला ते झेपणार नाही. वॉकरवर खोलीतल्या खोलीत, बाकी खुर्ची. आणि जिने कायमचे बंद. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.

लेक फरशीकडे बघत होता. फरशी साधी आहे, बघण्यासारखं काही नाही.

डॉक्टर तरुण आहे. अनुभवाने सुधारेल.

१६ जानेवारी

आज काही सांगायचं नाही. मास्तरीण म्हणाली, तारीख तरी घालू. घाल.

२१ जानेवारी

सून आली होती, एकटी. पलंगाशी बसून तिने ती पांढरी प्रिंट हातात घेतली. खूप वेळ बघत होती. मी वाट पाहिली, आता वा म्हणेल. तर तिने विचारलं, आई, बटण दाबलं तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं?

सून माझी साधी आहे. तिला फोटोतलं काही कळत नाही. म्हणून असं विचारते.

काही दिसत नव्हतं, असं मी तिला सांगितलं.

मास्तरीणबाई, हे नीट लिही, खाडाखोड करू नकोस. मला काही दिसत नव्हतं. हॉर्न वाजला म्हणून दाबलं. फोकस कुठे होता ठाऊक नाही. पायाबद्दल मी खोटं बोलले. दिवसांबद्दल बोलले, हाडाबद्दल बोलले. घरच्यांशी बोलले, डॉक्टरशी बोलले, या वहीशीसुद्धा बोलले. पण न पाहता फोटो मी कधी काढला नव्हता. सव्वीस वर्षांत एकही नाही. पावसात तीन तीन दिवस बसून रिकाम्या हाताने परत आले आहे, पण असा आणला नाही.

सुनेने माझ्या पायावरची शाल सारखी केली.

तिच्या फोनवरून हॉलवाल्याला सांगितलं, चौथा लावू नकोस. तो म्हणाला, आजी, लोकांना फार आवडेल हो. मी म्हटलं, आवडेल रे, त्यांनी मला रस्त्यावर पाहिलेलं नाही. तो म्हणाला, मग चार ऋतू या नावाचं काय? मी म्हटलं, तीन ऋतू लिही. तो म्हणाला, असं कुठे असतं का? माझ्याकडे आहे, म्हटलं.

२ फेब्रुवारी

काल प्रदर्शन उघडलं. हॉलला बावीस पायऱ्या आहेत, त्यामुळे जाण्याचा प्रश्न नव्हता. लेक संध्याकाळी सांगायला आला. लोक बरे होते म्हणे. तिसऱ्या फोटोसमोर एक बाई बराच वेळ थांबली, मग याच्याकडे येऊन म्हणाली, थंडी कुठे आहे? हा म्हणाला, आईला तिथे पोहोचता आलं नाही. एवढं बोलला आणि त्याला हॉलबाहेर जाऊन उभं राहावं लागलं. हेही त्यानेच सांगितलं. मला वाटलं होतं हा पोर काही सांगत नाही.

मी त्याला म्हटलं, तिथे खिडकीपाशी जा, उजेड बरा आहे. कॅमेरा पलंगाखालीच होता. तो म्हणाला, कशाला, दाढी वाढलीय. मी म्हटलं, उभा राहा गुपचूप. एकच काढला. नीट पाहून काढला.

आज सकाळी माणसं आली आणि पलंगाच्या पायथ्याशी असलेली, पंधरा दिवसांच्या पेशंटची खडूची पाटी काढून पत्र्याची लावून गेली. काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. मास्तरिणीनेही वाचलं नाही. कपाटाचा वरचा कप्पा मला दिलाय, अख्खा.

मास्तरीणबाई, यापुढचं वेगळ्या कागदावर लिही, सुनेला द्यायचंय.

सूनबाई, रविवारी येशील तेव्हा सुके अंजीर आण आणि खारी बिस्किटं. मास्तरीणबाईसाठी बिनसाखरेची, तिला डायबेटिस आहे. दूध इथलं पातळ असतं, त्यात घालायला मध आण. छोटी बाटली आणू नकोस, मोठी बरणी आण.