चहा मी नेला होता

१६ जुलै ८७
चहा मी नेला होता. हे पहिलेच लिहून ठेवते. आमच्या घरचं काही खरं नाही, चार महिन्यांनी मलाच वाटायला लागेल की नलूनं नेला.
रविवारी सौंसरचे लोक मला पाहायला आले होते. मुलगा, त्याचे वडील, मामा. संत्र्याचा बगीचा आहे त्यांचा. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा. मामा बाबांसोबत कपाशीच्या गोष्टी करण्यात गुंग. बाया आल्याच नव्हत्या. काकीनं अखजीच्या सणाला माझ्यासाठी आणि तिच्या नलूसाठी सारख्या साड्या घेतल्या होत्या, त्याच नेसायला लावल्या. दोघींच्या डोक्यावर पदर. नलू पोहे घेऊन गेली, मी चहा घेऊन.
मुलाचं नाव प्र. (पूर्ण लिहायची लाज वाटते.) त्यानं मान वर केलीच नाही. कपबशी घेताना माझा हात तेवढा पाहिला.
आज धोंडूमामा निरोप घेऊन आले. त्यांनीच हे स्थळ आणलं. म्हणे, "पसंद आहे. जिनं चहा आणला ती. उजव्या मनगटावर गोंदलेले तीन ठिपके आहेत म्हणते मुलगा."
काकी दारातच होती. "चहा आमच्या नलूनं नेला," म्हणाली. चेहऱ्यावर रेघ हलली नाही बाईच्या.
बाबा तिथंच खुर्चीवर बसले होते. शाळेत पोरांना खरं बोलायचे धडे देतात. मूग गिळून बसले.

१७ जुलै
आई म्हणते, जाऊ दे. आईचं सगळं आयुष्य जाऊ देण्यात गेलं.
बाबांना सरळ विचारलं. म्हणाले, "दादानं मला शिकवलं, शकू. दादा गेला तेव्हा नलू चार वर्षांची होती. वहिनीला मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?" वर म्हणाले, "तुला नोकरी आहे."
म्हणजे नोकरी आहे त्या मुलीला नवरा लागत नाही. मी रोज पांढुर्णा-सौंसर अप-डाऊन करून राहिली, खडू खाऊन राहिली, ते यासाठी.
काकीला माफ करणार नाही. देवाशपथ.

२ ऑगस्ट
कोणाला माहीत नाही ती गोष्ट. त्या दिवशी मामा बोलून राहिले होते तेव्हा प्र. कपाकडे पाहून हळूच म्हणाला, "सिनेमा पाहता काय?"
मी म्हटलं, "पाहते. पण शेवट आधीच समजते."
"मग पाहता काहून?"
"चुकीचा निघते का म्हणून."
तो हसला. कपाला हसला, पण हसला. मला आवडला तो. बस, इतकंच झालं. आणि तेवढ्यावर काकीनं नांगर फिरवला.

२७ ऑगस्ट
आज गणपती बसले. पण लिहायचं आहे ते परवाच्या गोटमारीचं, दगडफेकीच्या जत्रेचं.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सारं गाव जाम नदीवर. पांढुर्ण्याकडून दगड, सावरगावकडून दगड, ढोल, डोकी फुटलेले लोक. त्या गर्दीत काकी नलूला घेऊन गेली आणि जत्रेतल्या गोंदणारीकडून तिच्या उजव्या मनगटावर तीन ठिपके गोंदवून आणले!
माझे आजीनं गोंदवले होते, याच जत्रेत, मी सहा वर्षांची असताना. रडू नये म्हणून आजीनं जिलेबी दिली होती. तो माझा हात आहे. तो पण चोरला.
नलूचं मनगट सुजलं आहे. हळद लावून बसली होती. मी विचारलं, "दुखते काय?" "लय दुखते, शकुताई." बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू.

३० ऑगस्ट
गणपतीसमोर व्हिडिओ लावला होता. काल एक, आज एक. दोन्ही अदलाबदलीचेच. कालच्यात नोकर मालक होऊन बसला, आजच्यात दोन सारखे भाऊ एकमेकांच्या सासरी. लोक पोट धरून हसले. माझ्या बाजूला बसून काकी तर डोळे पुसत होती हसून हसून.
मी हसली नाही. मी वर्गात बसल्यासारखी पाहून राहिली होती. हे कसं चालते?
एक तर पाहणाऱ्याला पहिल्यापासून सगळं माहीत असते. कोण खरा, कोण खोटा. म्हणून हसू येते. मग आमच्या घरचं मला सगळं माहीत आहे, मला काहून येत नाही? कारण मी सतरंजीवर नाही बसलेली. मी पडद्यात आहे.
दुसरं, त्या घरात प्रत्येकाचं आपलं एक खोटं असते. बापाचं वेगळं, मामाचं वेगळं. जो तो आपलं झाकण्यात. त्यामुळे दुसऱ्याचं कोणी उघडत नाही. बाबा!
आणि एक प्रश्न असते. कोणीही सरळ विचारला तर सिनेमा अर्ध्या तासात खतम. तो कोणी विचारत नाही. विचारायला गेलं की दूध उतू जाते, नाहीतर पाहुणा येते.
शेवटी सगळ्यांना एका खोलीत आणतात. तिथं फुटते. मग सगळ्यात म्हातारा माणूस हसते आणि सगळ्यांना माफ.
माफीचं पाहू. खोली मात्र मी ठरवीन.

८ सप्टेंबर
चोराच्या मनात चांदणं. काकीनं नलूला माझ्याकडे पाठवलं. "ताई, त्या दिवशी त्यांनी तुले काही इचारलं होतं काय? आई म्हणते, इचारून ठेव."
खोटी खरीकडूनच शिकते हे कोणत्या सिनेमात पाहिलं नाही. इथं शिकायला आली.
मी म्हटलं, "विचारलं न. सिनेमा पाहता काय म्हणाले."
"मंग तू?"
"मी म्हटलं, नाही. आमच्या घरी चालत नाही."
नलूनं दोनदा पाठ म्हटलं. माझ्या दुसरीतल्या पोरींसारखं, मान हलवून. तिला मॅट्रिकचं पाठ झालं नाही, हे झालं.
आता साखरपुड्यात तो खात्री करायला तेच विचारील. मी आयुष्यात इतकी हुशारी कधी केली नव्हती.

११ सप्टेंबर
एक अडचण. सिनेमात खरी हिरोला मिळते आणि खोटीसाठी हिरोचा एक मित्र तयार असते, चष्मेवाला, चांगला. शेवटच्या फोटोत दोन जोड्या. नलूसाठी मित्र कुठून आणू?
नसो. माझा कुठं विचार केला त्यांनी?

४ ऑक्टोबर, रविवार
साखरपुडा आमच्याकडे. सकाळीच काकी म्हणाली, "शकू, पुऱ्या बाह्यांचं पोलकं घाल वो, पाहुण्यांसमोर चांगलं दिसते." या गरमीत! मी आखूड बाह्यांचं घातलं. बांगड्या वर सरकवल्या, ठिपके मोकळे. म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला.
चहा मीच नेणार म्हणून हटून बसली. पाहुणे आल्यावर काकीला ओरडता येत नव्हतं. नेला.
प्र. मान खाली घालूनच. नलू बाजूला पाटावर, तिचा ठिपक्यांचा हात मांडीवर. ठिपके अजून हिरवे, काठ सुजलेले. मी ट्रे समोर धरला. त्यानं माझं मनगट पाहिलं. मग तिचं. मग परत माझं.
मग त्यानं विचारलं. सगळ्यांसमोर, नलूला: "सिनेमा पाहता काय?"
मी नलूकडे पाहिलं.
नलू मान हलवून, "नाही. आमच्या घरी चालत नाही."
त्याचे वडील खूश! "वा! याला म्हणते वळण." सगळे हसले. काकी सगळ्यात मोठ्यानं.
आणि प्र.नं मान वर केली. पहिल्यांदा. सरळ माझ्याकडे पाहिलं. त्याला समजलं, सगळं समजलं. त्याचे डोळे पिंगट आहेत.
मी ट्रे घेऊन उभी. बोल, म्हटलं मनात. आता बोल.
त्यानं मान खाली घातली. अंगठी घातली. पेढे वाटले.
मीही बोलली नाही. जो फसवला जाते त्यानं फोडायचं असते, असा नियम मी धरून बसली होती. माझा बार फुसका निघाला.

६ ऑक्टोबर
शाळेत एका पोरीला विनाकारण मारलं. मग तिची वेणी घालून दिली. सगळा राग भलतीकडेच जाऊन राहिला.

९ नोव्हेंबर
आज प्र. भेटला. सौंसरच्या बसस्टँडवर, दुपारी, संत्र्याच्या पेट्या नागपूरच्या गाडीवर चढवून राहिला होता. मला पाहून आला. गाडीच्या चाकाकडे पाहून बोलला.
"मले त्याच दिवशी समजलं."
"मग बोलले काहून नाही?"
"बाबूजी होते नं. मामा होते."
"आता?"
चाकाला म्हणाला, "तुम्ही सांगा. मंडपात सांगा. तुम्ही सांगितलं का मी हो म्हणतो. आईची शपथ."
मला इतका राग आला की काकीवर पण कधी आला नव्हता. चार महिने मी याच्यासाठी दात ओठ खाल्ले! काकीनं निदान आपल्या तोंडानं खोटं सांगितलं. याला खरं सांगायला पण दुसऱ्याचं तोंड लागते.
म्हटलं, "तुमची गाडी सुटून राहिली." त्यानं दोन संत्री हातात ठेवली आणि गेला. खाल्ली नाही. बसमधल्या एका म्हातारीला दिली. वास मात्र घरापर्यंत हाताला.

१५ नोव्हेंबर
मी आणि नलू ओसरीत हळकुंडं निवडून राहिलो होतो. काकी बाहेर गेली तसं नलू म्हणाली, "शकुताई, तू मले चुकीचं शिकवलं न?"
मी खाली पाहून निवडत राहिली.
"त्यांनी अंगठी घातली तवा त्यांचा हात बर्फासारखा होता. मले तवाच समजलं." हळकुंड घासत राहिली. "तू सांगून दे न, ताई. मले नाही करायचं हे. मी आईसमोर नाही बोलू शकत."
"तुझ्या आईनं माझं घेतलं, आणि ते मीच जाऊन मागू?"
"मंग कोण सांगीन?"
तिच्या मनगटावर एक ठिपका पिकला होता, तिथं खपली आहे. दोनच ठिपके नीट दिसतात. मी हात धरून पाहिला. उगाचच बोरिक लावून दिलं. त्या दिवशी बरं वाटलं होतं, त्याची आता लाज वाटून राहिली.

१९ नोव्हेंबर
आज बाबा. पेपरच्या आडून. "तुला काही म्हणायचं असेल तर म्हण, शकू. मी अडवणार नाही."
म्हणजे हे पण! प्र. म्हणते तू सांग, नलू म्हणते तू सांग, बाबा म्हणतात तू सांग. सगळ्या उंदरांनी मिळून घंटा माझ्या हातात दिली आहे.
मी म्हटलं, "तुम्ही म्हणा न. तुम्ही तर खुर्चीवरच बसले होते."
पेपर थोडा हलला. बस.
त्या अदलाबदलीच्या सिनेमांचं आता पुरं समजलं. मला वाटत होतं की फसवणारा हुशार म्हणून ते चालते. खोटं. फसवणारा एकटा किती ओढील? ज्यांना समजलं ते सगळे चूप बसतात, म्हणून चालते. तीन तास चालते. आमच्याकडे चार महिने झाले.
आणि चूप बसणाऱ्यांत मी पण आहे. सहा पानं भरून चूप बसली.

२८ नोव्हेंबर, दुपार
नलूला हळद लागली. उद्या लग्न. मंडप बाबांच्या शाळेच्या मैदानात.
काकी आली माझ्याजवळ. थकलेली दिसत होती, हाताला हळद. "शकू, उद्या नलूच्या मागं दिवा घेऊन तूच उभी राह्यशीन. मोठी बहीण तूच हाय तिची." वर म्हणते, "पुऱ्या बाह्यांचं घाल."
मी म्हटलं, "काकी, चहा कोणी नेला होता?"
साडेचार महिन्यांत कोणीच विचारला नव्हता तो प्रश्न. दूध उतू गेलं नाही. पाहुणा आला नाही.
काकीनं हाताची हळद पदराला पुसली. मग खाली बसली, पायरीवर. म्हणाली, "तुले माय हाय, बाप हाय, नोकरी हाय. माह्या पोरीले मी एकटी हाय. मी मेली तर?" रडली नाही. माफी मागितली नाही. "उद्याचा दिवस तोंड बंद ठेव. मंग जल्मभर मले शिव्या दे."
"तिला विचारलं काय? नलूला?"
"तिले काय समजते?"
कीव आली. पण राग गेला नाही, दोन्ही सोबत आहेत. सिनेमातलं म्हातारं माणूस कसं हसते एकदम, मला नाही जमणार.
तर उद्या असं. अंतरपाटाच्या अलीकडे नलू, पलीकडे प्र. नलूच्या मागं मी, दिवा घेऊन. सगळे एका मांडवात: काळा चष्मा, मामा, धोंडूमामा, बाबा, काकी. मी म्हटलं होतं न, खोली मी ठरवीन. काकीनंच ठरवून दिली.
मंगलाष्टकं संपली की अंतरपाट खाली येईल आणि त्याला मान वर करावीच लागेल. पाहू काय करते. तो बोलला तर बोलला. नाही बोलला तर मी बोलणार. नवरा मिळावा म्हणून नाही. असा नवरा घ्यायचा की त्याच्या संत्र्यांसारखा म्हातारीला देऊन टाकायचा, ते अजून ठरलं नाही. आणि नलूचं उद्या मांडवात काय होईल, त्याचा विचार केला की लेखणी थांबते.
शेवट आधीच समजते म्हणणारी मी. समजून नाही राहिला.
आत्ता नलू येऊन गेली. पिवळीधमक, डोळे सुजलेले. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "ताई, उद्या दिवा कोणत्या हातात धरशीन?"
म्हटलं, "उजव्या."