मयताच्या फांद्या

नामाडझी, १२ जून १९९६

चि. वायसन यास एडिनाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे गाठोडे बसवाल्याने सोमवारी आणून दिले. साबण, साखर, सुकट, आईच्या गोळ्या, सगळे पोचले. हमालीचे दहा क्वाचा मागत होता, मी सहावर आणला. सुकट इथे स्वस्त मिळते रे, त्या पैशात गोळ्याच घेत जा.

आईचा पाय तसाच आहे. डॉक्टर म्हणतात, सळई घातल्याशिवाय ती चालायची नाही, आणि ते तुझ्याकडे ब्लांटायरलाच होईल. खर्च धडक देणाऱ्या गाडीच्या विम्यातून निघायचा, तर काल विम्याचा माणूस कागद घेऊन आला. बाई न बघता रस्त्यात आली, चूक सर्वस्वी तिची, असे त्यात होते. अंगठा दिलात तर दया म्हणून थोडेफार देऊ, म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि कागद परत दिला.

तू त्या दिवशी इथे नव्हतास म्हणून लिहिते. मेलियाकाकूंच्या यजमानांचे मयत घरात होते. खड्डा खणणाऱ्यांनी रीतीप्रमाणे वळणाच्या अलीकडे रस्त्यावर फांद्या टाकल्या होत्या. त्या बघून सायकलवाले उतरत होते, बसही हळू जात होती. आई मयताच्या घरी पाणी नेत होती, डोक्यावर बादली. गोंड्वेसाहेबांची गाडी वेगात आली नि तिला उडवले. मागून दुसरी गाडी तिच्यावर येऊ नये म्हणून खणणाऱ्यांनी त्याच फांद्या उचलून आईभोवती मांडल्या. पोलीस आले तेव्हा वळणावर एक पान नव्हते. आता गोंड्वे म्हणतात, फांद्या नंतर टाकल्या, इथे मयत आहे हे मला कसे कळावे?

आणि खणणाऱ्यांचे म्होरके चिम्वाझाबाबा तोंड उघडत नाहीत. माती देण्याआधी मयताच्या फांद्या हलवणे म्हणजे मेलेल्याचा अपमान. ते चारचौघांत कबूल केले तर उद्या मला कोण पुरेल, म्हणतात.

आता आईही म्हणू लागली आहे की माझेच चुकले असेल. रोज प्रार्थनेत क्षमा मागते, तेही त्या गोंड्वेची. हे मला ऐकवत नाही. वकिलाला विचारून लिही. अंगठा मी देऊ देणार नाही.

तुझी ताई

ब्लांटायर, २० जून १९९६

ती. एडिनाताईस वायसनचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचले. बसवाल्याची हकिकत वाचून विमेवाल्याची कीव आली.

वकील म्हणाले की सगळा निकाल एका गोष्टीवर आहे. फांद्या आधी होत्या हे ठरले तर गाडीवाल्याने वेग कमी करायला हवा होता, चूक त्याची. नाही ठरले तर आईची. अर्धी चूक मान्य करून मिटवा, असा त्यांचा सल्ला आहे. खरे सांगू, मलाही तेच बरे वाटते. अर्ध्यात सळई होईल, उरलेले मी बघतो.

तुला पटणार नाही हे माहीत आहे. मग एक कर. मयत मेलियाकाकूंच्या घरचे. त्यांनाच अपमान वाटला नाही तर गावाला कसा वाटेल? विचारून बघ. मात्र डोके शांत ठेव, आणि आपली न्सिमा वेळेवर खा.

तुझा वायसन

नामाडझी, ७ ऑगस्ट १९९६

चि. वायसन यास आशीर्वाद.

काल झोंब्याच्या कोर्टात आपल्या दाव्याचा निकाल झाला. तू आला नाहीस ते बरेच, तू अर्ध्यावर मिटवले असतेस.

मेलियाकाकू माझ्याबरोबर दुखवट्याचे काळे फडके बांधून आल्या. फांद्या आधीपासून होत्या हे त्यांनी सांगितले, पण गोंड्वेंचे वकील म्हणाले की तुम्ही घरात प्रेतापाशी होतात, रस्त्यावरचे तुम्हाला काय दिसणार? ते खरेच होते. तेव्हा काकू वकिलाला सोडून गोंड्वेंकडेच वळल्या. त्यांना म्हणाल्या की तुला आईबापांनी काही शिकवले नाही का, माझ्या दारावरून, नवरा घरात पडलेला असताना, गाडीत गाणी लावून गेलास.

गोंड्वेंचे तोंड उतरले. चांगल्या घरचा माणूस रे, एवढे बोलणे सहन होईना. चटकन उठून काकूंना म्हणाले, नाही आई, शपथेवर सांगतो, वळणावरच मी रेडिओ बंद केला आणि टोपीसुद्धा काढली.

वकिलाने कपाळाला हात लावला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारले, टोपी कशासाठी काढली? गोंड्वे खाली बसले. मग मागून चिम्वाझाबाबा आपणहून उठले आणि म्हणाले की फांद्या मी हलवल्या, काय करायचे ते करा. काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, माझ्या माणसाने जिवंतपणी कुणासाठी काडी उचलली नाही, मेल्यावर तरी उपयोगी पडला. कोर्ट हसले, त्यासुद्धा.

चूक गाडीवाल्याची ठरली. एक पंचमांश तेवढी आईवर ठेवली, बादलीमुळे उजवीकडे पाहिले नाही म्हणून. मी त्याविरुद्ध अपील करणार होते. आईने थांबवले. म्हणाली की मी खरोखरच पाहिले नव्हते, तेवढे माझे, ते राहू दे. बाकीचे ओझे मात्र आता मी उचलणार नाही. काल रात्री तिने क्षमा मागितली नाही, नुसती झोपली.

येत्या रविवारी गोंड्वे घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन माफी मागायला येणार आहेत. आई म्हणते, कोंबडी कापायची. मी म्हणते, शेंगदाणे पुरेत. कोंबडीच कापली जाईल असे दिसते, पण अंडी देणारी मी देणार नाही.

सळईसाठी इस्पितळात खाट कधी मिळेल? ती आतापासूनच बूट पुसून बसली आहे, दोन्ही. तारीख उलट टपाली कळव.

तुझी माया अशीच राहू दे.

एडिनाताई