मरतुकड्या रोपांची मोजणी

नाशिक, १४ जानेवारी

ती. चांगुणाआत्यास,
सायलीचा सा. न. वि. वि.

आज संक्रांत, तरी मी गोड बोलणार नाही. फोनवर तोंडातून भलतंच निघेल म्हणून लिहिते. तुझ्या मळ्यातल्या माझ्या वाटाण्याच्या प्लॉटमधली बारकी रोपं तू उपटलीस?

अगं, दोन वाणांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीची सगळी रोपं जोमदार आली. ही दुसरी पिढी. हिच्यात शेंगांनी लगडलेली आणि चार शेंगांची, दोन्ही निघणारच. एकूण एक रोप मोजलं तरच कळतं, उत्पन्नाचा कोणता गुण बियाण्यातून पुढे टिकेल आणि कोणता नुसता पहिल्या संकराचा जोर होता. तू नेमकी वाईट रोपं काढलीस. आता सरासरी खोटी आणि माझं पीएचडीचं वर्ष पाण्यात!

रागावलेली, पण तुझीच,
सायली

देवळा, १८ जानेवारी

चि. सायलीस आत्याचे आशीर्वाद.

पत्र वाचून मीही तापले. तीस वर्षं विरळणी करतेय. तुझे पीएचडीचे सर बघायला येणार, भाचीचं हसं नको, म्हणून कंबर मोडेपर्यंत वाकून उपटली आणि गाईला घातली. पाणी, औषध सगळं कागदावर लिहून दिलंस. मरतुकडी रोपंही कामाची आहेत, एवढी एक ओळ लिहायला काय झालं होतं? मजुराला काम सांगावं तशी सांगून गेलीस. त्याचं वाईट वाटलं.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
आत्या

नाशिक, २५ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

चुकले गं. मी सांगायलाच हवं होतं.

पण ऐक. सर म्हणाले, उपटलेल्या रोपांचे आकडे अंदाजाने भर, कोण बघायला येतंय! मी नाही म्हणाले, पुन्हा पेरीन म्हणाले. तर दुसरा मार्गदर्शक शोध म्हणून दम दिला. अंगाची नुसती लाही झाली. काय करू?

तुझ्या उत्तराची वाट बघते.
सायली

देवळा, ३० जानेवारी

चि. सायलीस आशीर्वाद.

माझ्या हातून झालं ते न कळता. हा एवढा शिकलेला माणूस समजून-उमजून खोटं लिहायला लावतो?

मी त्यांना फोन लावला. म्हटलं, रोपं मी उपटली, किती उपटली ते माझं मलाच माहीत नाय, मग तुम्हांला आकडा कुठून गावला? हेच तुमच्या वरच्या साहेबांपुढं येऊन सांगते. तेव्हा कुठं म्हणाले, तिला पुन्हा पेरू द्या.

दिवाळीनंतर तोच तुकडा तुझा. मरतुकडं रोप बघून माझे हात शिवशिवतील, पण लावणार नाही. पेरायला मात्र तू स्वतः ये, आणि या वेळी सगळं समजावून सांग.

तुझी आत्या