नदीकाठी थांबलेलं घोडदळ

प्रिय शशा,

सविनय तक्रार अशी, की तुझ्या दोन खोक्यांमुळे गेले नऊ दिवस आमचं चपलांचं स्टँड बेघर झालं आहे. चपला जिन्यावर, स्टँड गॅलरीत आणि माझ्या उजव्या पायाची करंगळी निळी. शुभा म्हणते, "अहो, त्या खोक्यांना एक तर आत घ्या, नाहीतर भाडं लावा." गेलास तो गेलास, पण जाताना एवढी नियमांची पुस्तकं माझ्या दारात टाकून जायचं काही कारण होतं का?

तशी ती पुस्तकं माझीच. नीलमवहिनींनी रिक्षातून पाठवली, वर चिठ्ठी: "भाऊजी, तुमचं तुमच्याकडे." रिक्षावाल्याने विचारलं, वकील का तुम्ही? काय सांगणार? दोन पोक्त बाप्ये दर रविवारी फळीवर बोटाएवढे शिपाई मांडतात, फूटपट्टीने मोजून सरकवतात आणि फासे टाकून एकमेकांचे मारतात, इथवर लोक हसून सोडून देतात. त्यासाठी किती पुस्तकं लागतात हे सांगितलं की हसायचे थांबतात. मूळ नियमांचं एक. आपल्या सैन्याचं वेगळं, समोरच्याचं वेगळं. मग पुरवणी. मग या सगळ्यांतल्या चुकांची यादी. ती कंपनी फुकट देते, छापून मात्र आपण घ्यायची. आणि तीन वर्षं झाली की नवी आवृत्ती, आधीचं सगळं रद्दी!

तू पुस्तकांची किंमत होड्यांत मोजायचास. मिरकरवाडा बंदरातल्या होड्यांवर नावं रंगवणारा माणूस, तुझं दुसरं माप कुठलं असणार? "चार होड्या," म्हणायचास, पुस्तक हातात तोलत. "त्यासुद्धा दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या. आणि आत काय, तर घोडा किती इंच चालतो! मेल्या, हा घोडा काय दर तीन वर्षांनी पाय बदलतो?"

एकदा तर तू दोनशे पानं वाचून काढलीस आणि शेवटी बोट ठेवलंस. "हे बघ. दोघांचं पटलं नाही तर फासा टाकून ठरवा म्हणे. मग मधली पानं कशाला विकतात रे?" माझ्याकडे फक्त पावती होती.

म्हणून आपली वाटणी ठरली. नवी पुस्तकं मी घ्यायची, जुनी झाली की तुला द्यायची. केवढं माझं औदार्य! त्यातली गोम मला दिसली नाही, की मी बघितली नाही? तू कायम मागच्या आवृत्तीत, मी पुढच्या. नियम काय बदलला ते मी सांगायचं आणि तू ऐकायचं.

तो शेवटचा रविवार आठवतो? तुझी पडवी, प्लायवूडचं रणांगण, तू ऑइलपेंटने काढलेली नदी. मोहिमेचा सातवा रविवार आणि तुझ्या नावावर एकही लढाई नाही. तुझं घोडदळ नदी ओलांडून माझ्या तोफांसमोर आलं होतं. होड्यांच्या उरल्यासुरल्या रंगांत रंगवलेलं, टर्पेंटाइनचा वास येणारं घोडदळ! पुढे तुझा सेनापती, त्याच्या टोपीवर तू एका केसाच्या ब्रशने ओढलेली पिवळी रेघ. माझ्या तोफा गेल्यातच जमा होत्या. तू फासा उचललास.

मी म्हटलं, "थांब. नव्या पुस्तकात नियम आहे. नदी ओलांडली त्या डावात घोडदळाला हल्ला करता येत नाही."

"दाखव."

मी दाखवलं. पान तिथेच संपत होतं. पुढच्या पानाची पहिली ओळ अशी होती: सेनापती सोबत असेल तर करता येतो. ती मी आदल्या दिवशीच वाचली होती, शशा. पानाच्या कोपऱ्यावर माझा अंगठा होता. तो मी काढला नाही.

तू मान डोलावलीस. "असं काय? मग राहिलं. पुढल्या रविवारी चालव तुझ्या तोफा." आणि आत ओरडलास, "नीलम, चहा टाक गो, मी हरतोय!"

पुढल्या रविवारी मी फोन करून सांगितलं, पाहुणे आलेत. कुणीही आलं नव्हतं. गुरुवारी तू गेलास, होडीला टेकवलेल्या शिडीखाली, ब्रश हातात. त्या होडीच्या नावातली शेवटची दोन अक्षरं दुसऱ्या कुणी पुरी केली. ती जरा तिरकी आहेत. मासळी आणायला गेलो की मी तिकडे बघत नाही.

दर आठवड्याला पेपरात मी इतरांच्या लबाड्यांची खिल्ली उडवतो. त्या छापायला अख्खा रकाना लागतो. माझी अंगठ्याखाली मावली.

परवा करंगळी पुन्हा ठेचली, तेव्हा चिडून खोकी रिकामी केली. तळाशी तुझी शाळकरी वही निघाली. सगळे नियम मराठीत, मथळे होडीवरच्या अक्षरांत, एकूण चौदा पानं! चार होड्यांचं पुस्तक तू चौदा पानांत बसवलंस आणि मला बोललाही नाहीस? मी हसेन असं वाटलं का? हसलोच असतो म्हणा.

शेवटची नोंद त्या रविवारची. "नदी ओलांडलेल्या घोडदळाला त्या डावात हल्ला नाही. (अव्या म्हणतो.)"

एवढंच. साधं प्रश्नचिन्ह नाही. दुसऱ्या कुठल्याच नियमापुढे कंस नाही. पुस्तक उलटून बघायला काय झालं होतं तुला? तोंडावर म्हणायचं होतंस, मेल्या, अंगठा काढ! मी काढला असता. काढला असता का?

काल तुझ्याकडे गेलो. वहिनींना पडवीत शिलाई मशीन ठेवायचं आहे. फळीवर जुनी चादर होती, खाली सगळं जागच्या जागी. "तुम्ही आवराल म्हणून मी हात लावला नाही," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी आवरलं नाही. फूटपट्टी काढली, तुझं घोडदळ माझ्या तोफांपर्यंत नेलं आणि तुझा फासा टाकला. चार किंवा वर हवे होते.

दोन पडले.

पुन्हा लबाडी करावीशी वाटली, शशा, आणि या वेळी तुझ्यासाठी! फासा बोटाने नुसता कलता करायचा होता. बघणारं कोण होतं? पण तसाच ठेवला.

वहिनी दारात आल्या. "झाला डाव?"

"झाला."

"कोण जिंकलं?"

"मीच."

"ते म्हणायचेच, अव्याला हरवणं कठीण."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पान, अंगठा, खोटे पाहुणे. त्यांनी विचारलं, "त्यांना कळलं नव्हतं?" मी नाही म्हटलं. त्यांनी पिवळ्या रेघेचा तो सेनापती उचलून बघितला आणि परत जागी ठेवला. "बसा," म्हणाल्या. "चहा घ्या. मग न्या हे सगळं." माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

नवी आवृत्ती येतेय. तुझ्या मापाने पाच होड्या. घेणार नाही, शब्द देतो. इथून पुढे खेळ तुझ्या चौदा पानांवर, आणि समोर जो बसेल त्याच्या हातात आधी वही देईन. त्याचं त्याला वाचू दे, पानं त्यालाच उलटू दे.

आत्ताच ती शेवटची नोंद खोडली आणि खाली खरा नियम पुरता लिहिला, सेनापतीसकट. कंसातलं माझं नाव मात्र खोडलं नाही. ते राहू दे.

तुझा,
अव्या