तीस माणसं, नव्वद संगणक

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद, आणि थोडा राग. खोकला गेला असेल असं धरून चालते (नसेल तर डॉक्टरकडे जा, इंटरनेटवर औषध शोधत बसू नकोस). भावजयीची पाठ कशी आहे?

सरकारी कचेऱ्यांची संगणकखरेदी यंदा तिप्पट होईल, हा तुझा अंदाज चुकला तर कंपनी तुला कायम करणार नाही, असं तू लिहिलंस. कचेऱ्या किती संगणक घेणार, हे विचारणारे तुमच्या पाहणीचे फॉर्म मी खरे भरले होते का, असंही विचारलंस. विचारायला सहा महिने उशीर केलास.

आमच्या खात्यात एक हवा असेल तर तीन मागायचे असतात, कारण वरचे साहेब दोन कापतात. एकतीस वर्षं मी खुर्च्या, पंखे, टाचण्या अशाच मागत आले. तुझ्या कंपनीचे फॉर्म आले तेव्हा खात्यातल्या सगळ्या कचेऱ्यांचे मीच भरले, त्याच सवयीने. आमच्या कचेरीत माणसं तीस, संगणक लिहिले नव्वद. तुझे वरचे कापतील असं वाटलं. पण तुमच्याकडे कोणी कापतच नाही (ही कसली कंपनी?), आणि तू तर लहानपणापासून मी सांगेन ते खरं मानणारा. सगळं तसंच अहवालात छापलंस.

तो अहवाल आमच्या साहेबांनी वाचला. सगळं जग तिप्पट घेतंय आणि आपणच मागे, या धास्तीने त्यांनी प्रत्येक कचेरीने खात्याकडे पाठवलेली तीच तिप्पट मागणी जन्मात पहिल्यांदा न कापता मंजूर केली. गेल्या मंगळवारी आमची नव्वद खोकी आली. जिन्यात खोकी, रेकॉर्ड रूममध्ये खोकी; अर्ज घेऊन येणारे लोक त्यांच्यावरच बसून नंबराची वाट पाहतात. प्रत्येकाच्या टेबलावर तीन पडदे आहेत. एकावर काम चालतं, दुसऱ्याच्या आड डबा उघडतात, तिसऱ्यात बघून टंकलेखिका केस सारखे करते.

शिपाई मला म्हणाला, "बाई, माणसं कमी पडतायत. साठ मागवा की."

"साठ हवी असतील तर एकशे ऐंशी मागावी लागतील," मी म्हटलं.

थोडक्यात, तुझा अंदाज तंतोतंत खरा ठरला. तुला कायम करतील. पण पुन्हा दुसऱ्याने लिहून दिलेले आकडे डोळे मिटून छापू नकोस. स्वतः जाऊन मोजावं. खोटा आकडा मला खपत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझी,
ताई

ता. क. हे पत्र तुझ्या साहेबांना दाखवू नकोस.

आणखी एक. पुढच्या वर्षाचे फॉर्म आले आहेत. खरा आकडा शून्य आहे, तो मी पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. शाईने किती लिहू, ते शनिवारच्या आत कळव.